ओढ्यावर चालणारी पाने

सेलबाक्की नावाच्या शेतावरच्या गोठ्यातून गाई गेल्या त्याला तीस वर्षे होऊन गेली. जिथे दावणी होत्या तिथे आता दोन लोखंडी कपाटे आहेत आणि त्यांत नऊ सर्व्हर. त्यांची घरघर कधी थांबत नाही. त्या नऊ यंत्रांवर एकेचाळीस वेबसाईटी राहत, आणि त्यांची मालकीण, झाडूवाली आणि वैद्य अशी तिन्ही कामे एकटी स्वावा करी. वय बहात्तर, गुडघे दुखणारे, अंगात वर्षाचे अकरा महिने तोच राखाडी लोकरी स्वेटर.

प्रत्येक साईटीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे : 'हे पान सेलबाक्कीच्या घरामागच्या ओढ्यावर चालते.' २००५ साली स्वावाने ती लिहिली तेव्हा तिच्या मनात जाहिरात नव्हती. कोणी विचारले असते तर हात धरून तिने ओढा दाखवला असता, इतके ते साधे होते.

ओढा हिमनदीतून यायचा. तिच्या वडिलांनी, स्टेन्थोरने, १९३७ साली त्याला बांध घातला. समुद्रकाठच्या वाळूत रुतून फुटलेल्या एका परदेशी मासेमारी जहाजाचे पत्रे त्याने घोड्यांकडून ओढून आणले आणि एका पुस्तकातल्या आकृतीवरून टर्बाईनचे चाक घडवले. शाळा त्याने दोन हिवाळे पाहिली होती. आजूबाजूच्या शेतांवर लोक म्हणत, "स्टेन्थोर ओढ्याचं दूध काढणार म्हणे." १२ डिसेंबरला स्वयंपाकघरात पहिला दिवा लागला तेव्हा हेच लोक बर्फ तुडवत बघायला आले आणि घरातली सगळी कॉफी संपवून गेले.

पुढे १९७८ साली सरकारी तारा आल्या. सगळ्यांनी जोडणी घेतली; स्टेन्थोरने घेतली नाही. "दारात ओढा असताना दुसऱ्याच्या नळाला तोंड कोण लावतं?" तो गेल्यावर बेर्गुरने, म्हणजे स्वावाच्या थोरल्या भावाने, फाटकापाशी एक जोडणी तेवढी घेऊन ठेवली. चाक दुरुस्तीला काढले की दोन दिवस उपयोगी पडे. बहीण-भाऊ दोघेही बिनलग्नाचे. का, हे कोणी विचारत नसे. धाकटा भाऊ मात्र संसारी होता, आणि त्याची मुलगी उन्नुर पलीकडच्या शेतावर राहून राष्ट्रीय उद्यानात रक्षकाची नोकरी करी.

स्वावाचा तारांशी संबंध जुना. सेलबाक्कीच्या बैठकीच्या खोलीत पूर्वी सगळ्या पंचक्रोशीचे टेलिफोन केंद्र होते. सतराव्या वर्षापासून सोळा वर्षे ती कानाला यंत्र लावून तिथे बसली. कोणाला डॉक्टर हवा, कोणाची मेंढी दरीत पडली, कोणाचे लग्न मोडले, सगळे तिच्या कानांवरून जायचे आणि तिथेच राहायचे. १९८४ साली आपोआप जोडणारी यंत्रे आली, आणि तेहतिसाव्या वर्षी तिच्या हातांना काम उरले नाही. मग हॉफ्न गावच्या शाळेत हिशेब लिही, टंकलेखन कर, असे करत ती संगणकापाशी पोचली.

पहिली साईट मेंढ्यांच्या कानांची. तिथे प्रत्येक शेताची मेंढीच्या कानावर कातरायची खूण वेगळी असते आणि त्या खुणांची जाडजूड वही छापली जाते. डोंगरातून मेंढ्या खाली आल्या की कोणाची कोणती यावरून भांडणे होत आणि वही नेमकी घरी राहिलेली असे. स्वावाने वही इंटरनेटवर घातली.

"मेंढीच्या कानाला इंटरनेट कशाला?" बेर्गुर म्हणाला.

"तू मागच्या वर्षी शेजाऱ्याची मेंढी घरी आणून कापलीस ना, म्हणून."

त्यानंतर चर्चचा गायकवृंद आला, वादळात सापडलेल्यांना सोडवणारे बचाव पथक आले. २००९ साली वाळूवरचे पक्षी मोजायला वाउटर नावाचा एक डच शिक्षक आला, पावसात भिजून गोठ्यात शिरला, आणि यंत्रे पाहून उभाच राहिला. "म्हणजे मी इथे येऊन बघू शकतो? कुठून चालतं ते?" त्याने आपल्या पक्षिमित्र मंडळाची साईट तिच्याकडे हलवली. त्याच्या ओळखीने डॅनिश मंडळे आली, जर्मन आली. परदेशातल्या एका संस्थेने स्वच्छ विजेवर चालणाऱ्या होस्टिंगवाल्यांची यादी केली होती, तीत मोठमोठ्या कंपन्यांच्या खाली सेलबाक्कीचे नाव आले. स्वावाने ते पान छापून शीतकपाटावर चिकटवले. बेर्गुरने त्यावर स्कीरचा, म्हणजे घट्ट दह्याचा, डबा टेकवून एक गोल डाग पाडला.

याच घरात आणखी एक काम पिढीजात चालत आले होते. दर शरद ऋतूत हिमनदीची जीभ कुठवर आहे ते मोजायचे. ठोकलेल्या लोखंडी खुंटीपासून बर्फाच्या कडेपर्यंत फीत धरायची, आकडा छापील कागदावर लिहून राजधानीला, रेक्याविकला पाठवायचा. १९३२ पासून स्टेन्थोर मोजत असे, मग बेर्गुर मोजू लागला. अठ्ठावीस मीटर मागे. एकतीस मीटर मागे. एका वर्षी बावन्न. स्वावा सुवाच्य अक्षरांत आकडा लिही, पाकीट चिकटवी, टपालाच्या गाडीत देई. शेजारचा म्हातारा आजारी असावा, रोज जाऊन त्याची नाडी मोजावी, आणि आपण त्याच्याच ताटात जेवतो हे ध्यानात येऊ नये, तसे त्या दोघांचे झाले. नव्वद वर्षांचे आकडे त्या घराने लिहिले. ओढ्याचा आणि त्यांचा संबंध एकदाही लावला नाही.

१५ ऑक्टोबर २०२२, शनिवार. हवा स्वच्छ, वारा नाही. बेर्गुर, स्वावा आणि उन्नुर मोजायला वर गेले. स्वावाचे गुडघे वाटेत दोनदा थांबले. वर पोचून पाहतात तर बर्फ खडकाच्या एका कण्यामागे सरकलेले, पुढे करड्या पाण्याचे तळे साचलेले, आणि तळ्याचे पाणी पश्चिमेच्या खिंडीतून मोठ्या नदीकडे धावत निघालेले. ओढ्याच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी धार.

"काका, बघ कुठे चाललंय ते."

"बघतोय." बेर्गुरने टोपी काढून पुन्हा घातली. "कमरेएवढा तर उंचवटा आहे मध्ये. ट्रॅक्टर आणतो. दोन दिवसांचं काम."

"काका, तू उभा आहेस ते उद्यान आहे. इथला दगडसुद्धा हलवता येत नाही."

"माझ्या बापाने इथे खुंटी ठोकली तेव्हा तुझं उद्यान कुठे होतं गं?"

"तेव्हा इथे बर्फ होतं."

उन्नुर पुढे म्हणाली, "परवानगीचा अर्ज मी स्वतः घेऊन जाते. पण आत्या, खोटी आशा नाही लावत. आणि चर खणलाच, तरी दोन-तीन वर्षं. मग बर्फ त्याच्याही मागे जाणार."

"दोन-तीन वर्षं काय कमी आहेत? मी बहात्तर, हा शहात्तर," स्वावा म्हणाली.

त्या दिवशीचा आकडा त्रेसष्ट मीटर होता. तो तिने नेहमीसारखा लिहून पाठवला.

नोव्हेंबरात उत्तर आले. सभ्य भाषेत लिहिले होते की निसर्गात आपोआप होणारे बदल हस्तक्षेपाविना होऊ द्यावेत यासाठीच हे क्षेत्र राखीव आहे. स्वावाने पत्र दोनदा वाचले. तिला राग आणायचा होता, पण तिच्या बारा पक्षिमंडळांपैकी कोणीही हेच लिहिले असते. तिनेही लिहिले असते.

हिवाळाभर पाणी उतरत गेले. पूर्वी चाकातून सगळे घर तापायचे. खटका सरकारी तारेकडे फिरवला असता तर घराबरोबर यंत्रेही तिच्यावर गेली असती, म्हणून आता स्वावा एकेक खोली बंद करत गेली : आधी बैठक, मग वरच्या खोल्या, ख्रिसमसनंतर बेर्गुरची खोली. राहिले स्वयंपाकघर. बेर्गुर जेवतानाही कानटोपी घालून बसे.

"मेंढ्या उबेत, यंत्रं उबेत, माणसं गारठलेली. असं शेत दुसरीकडे पाहिलंयस?"

"यंत्रांना ऊब लागत नाही. ती स्वतःच तापतात."

"मग त्यांना इथे आणून बसव, मी गोठ्यात जातो."

आणि खरोखरच तो खुर्ची घेऊन गोठ्यात बसू लागला.

जानेवारीत स्वावाला एक युक्ती सुचली. टेलिफोन केंद्राला वेळा असायच्या. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि लोक तेवढ्यात आपले बोलून घ्यायचे. साईटींनाही वेळा ठेवल्या तर? बांधात पाणी साठवायचे, आणि तेवढ्यापुरते चाक फिरवायचे. तिने सगळ्यांना विचारून पाहिले. एका डॅनिश बाईला कल्पना गोड वाटली. बचाव पथकाचा प्रमुख ह्लिनुर मात्र स्वतः गाडी घेऊन आला, कॉफी घेतली, पॅनकेकची थाळी संपवली आणि म्हणाला, "स्वावा, वादळाला तुझं वेळापत्रक पाठवलंयस का?" युक्ती तिथेच संपली.

२१ फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला चाक थांबले. मोडले नाही, फिरवायला काही राहिले नाही. स्वावाने गोठ्यातला खटका सरकारी तारेकडे फिरवला. एकेचाळीसपैकी एकाही साईटीला कळले नाही.

तळाची ओळ मात्र खोटी झाली होती. ती त्याच दिवशी काढली.

"त्यात काय एवढं," बेर्गुर म्हणाला. "तारेतली वीजही नदीचीच. आपल्या देशात दुसरं आहे काय? कोळशाचा खडा तरी पाहिलायस तू कधी?"

स्वावालाही ते पटले. 'हे पान देशातल्या नद्यांवर चालते' असे तिने कागदावर लिहून पाहिले. पण सोळा वर्षे केंद्रात बसून तिला सवय लागली होती : निरोप पुढे द्यायच्या आधी पुन्हा एकदा विचारून घ्यायचे. म्हणून तिने विजेचे बिल उलटून पाहिले. मागच्या बाजूला, कोणी वाचू नये अशा अक्षरांत, एक तक्ता होता. तिने चष्मा पुसला आणि वीज विकणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"सेलबाक्कीहून स्वावा बोलते. तुमच्या बिलाच्या मागे छपाईची चूक झालीय."

"कोणती हो?" पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"माझ्या विजेत कोळसा लिहिलाय. निम्म्याहून जास्त. आणि पाव हिस्सा अणुऊर्जा."

"नाही, चूक नाही ती. ते कागदावरचं आहे."

"म्हणजे कसं?"

"वीज नदीचीच येते तुमच्याकडे. पण ती नदीची आहे असं म्हणायचा हक्क वेगळा विकला जातो. परदेशातल्या कारखान्यांनी तो घेतला. मग त्यांचा कोळसा कुणाच्या तरी नावावर लागायला हवा ना? तो आपल्या नावावर लागतो." मुलीने विचारले, "ऐकताय ना?"

"ऐकतेय. म्हणजे नदी आपल्याकडे आणि तिचं नाव त्यांच्याकडे."

"हो... असंच म्हणा. तुम्हाला नाव परत हवं असेल तर अर्ज आहे. पाठवू?"

"आपल्याच नदीचं?"

"हो," मुलगी म्हणाली, आणि मग खाजगी आवाजात, "माझी आजीही हेच विचारते. मला तिलाही समजावता येत नाही."

अर्ज आला. त्यात कंपनीची नोंदणी, लेखापरीक्षकाचा शिक्का, कार्यालयांची संख्या असे रकाने होते. कार्यालयांपुढे स्वावाने खरे ते लिहिले : एक गोठा. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा भरायला घेतला आणि अर्ध्यावर तिने पेन ठेवले. नदीच्या नावाची चिठ्ठी विकत मिळाली तरी ओढा परत येणार नव्हता, आणि तिच्या ओळीत चिठ्ठीचा शब्द नव्हता, ओढ्याचा होता.

मग तिने जे केले ते तिच्यासारख्या बाईलाच सुचावे. २ एप्रिलला, रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर तिने एकेचाळीस पानांच्या तळाशी नवी ओळ घातली : 'आमचा ओढा आटला. हे पान आता सरकारी तारेवर चालते. बिलाप्रमाणे त्यात कोळसा, तेल आणि वायू एकसष्ट टक्के, अणुऊर्जा सव्वीस, उरलेले नद्या आणि जमिनीतली वाफ.'

बेर्गुरने ती वाचली आणि डोक्यावर हात मारला. "सोळा वर्षं सगळ्या पंचक्रोशीची गुपितं पोटात ठेवलीस. दारुड्या पाद्र्याचंसुद्धा बाहेर येऊ दिलं नाहीस. आणि एका विजेच्या बिलाचं तुझ्या पोटात राहिना?"

"ती लोकांची गुपितं होती. हे माझं आहे."

"मग तर जास्तच ठेवायचं!"

पत्रे येऊ लागली. एकही रागाचे नव्हते. प्रत्येकाची सुरुवात आभारांनी होई. इतकी वर्षे साईट एकदाही बंद पडली नाही, तुमचा ओढा आम्ही कधी विसरणार नाही, आणि मग 'परंतु'. यादीतून तिचे नाव एका पत्राने निघाले. त्याखाली माणसाची सही नव्हती, यंत्राने पाठवलेले होते. मेअखेर एकोणतीस साईटी राहिल्या, जुलैत चौदा. गावातल्या आठ मात्र हलल्या नाहीत. ह्लिनुर म्हणाला, "कोळसा? चालेल की. आमची जीप कुठे प्रार्थनेवर पळते?" स्वावा हसली. पण तो ज्या गोष्टीला हसत होता तीच गोष्ट तिची गेली होती, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

ऑगस्टमध्ये वाउटरचा फोन आला.

"स्वावा, ते लिहायला नको होतंस. कोणी विचारलं नव्हतं."

"तूच म्हणाला होतास ना, येऊन बघता येतं म्हणून आवडतं?"

"म्हणालो होतो." तो बराच वेळ खाकरला. "सभेत मी भांडलो. पण ठराव आहे : यादीबाहेर साईट ठेवायची नाही. ठरावही मीच मांडला होता, सहा वर्षांपूर्वी. काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस. पक्षी किती आले यंदा?"

"कमी," वाउटर म्हणाला.

त्याच्या मंडळाची साईट तिने पाठवणीसाठी स्वतः बांधून दिली. चौदा वर्षांच्या पक्ष्यांच्या नोंदी, एकही न गाळता. पाठवून झाल्यावर दोनदा तपासून पाहिले. मग ते यंत्र बंद केले. त्याच्या शेजारची तीन आधीच बंद होती. आता कपाटांपैकी एकच चालू होते, आणि गोठ्यात खुर्ची टाकून बसण्यासारखी ऊब राहिली नव्हती. बेर्गुर पुन्हा स्वयंपाकघरात बसू लागला.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आठवड्यात, जेवणासाठी बटाटे चुलीवर ठेवून, स्वावाने सहज पक्षिमित्रांचे पान उघडले. तेच फोटो, त्याच नोंदी. तळाशी हिरवे पान काढलेले आणि लिहिलेले : 'शंभर टक्के स्वच्छ ऊर्जा.' जुन्या सवयीने तिने साईट कुठून येते ते पाहिले. तिला वाटले होते हॉलंड असेल, नाहीतर जर्मनी. निघाले तिच्याच देशातले, पश्चिमेला विमानतळाजवळचे मोठे सर्व्हरगृह.

ती बाहेर आली. बेर्गुर कुंपणाच्या तारा ओढत होता. धुके खाली आले होते. सेलबाक्कीच्या वाळूवरून देशभर फिरणारी मोठी वाहिनी जाते. ओल्या हवेत तिच्या तारा गुणगुणतात, तशा त्या वेळी गुणगुणत होत्या.

"वाउटरची साईट रेक्याविकच्या पलीकडे गेलीय," ती म्हणाली.

"आपल्या रेक्याविकच्या?"

"आपल्याच."

"मग तिला वीज कुठली?"

स्वावाने वर बोट दाखवले. बेर्गुरने मान वर केली.

"ही? आपल्या डोक्यावरून जाते ती?"

"हीच. पूर्वेच्या नद्यांची. हीच फाटकापाशी उतरून आपल्या गोठ्यात येते."

"तिथे स्वच्छ, आणि इथे कोळसा?"

"हो."

बेर्गुरने पक्कड खिशात घातली. विचार करायला त्याला नेहमीच वेळ लागे. "मग फरक काय?"

जन्मभर तिने लोकांना तारा समजावून सांगितल्या होत्या. कुठली कुठे जाते, कोण कोणाशी बोलते. "तसं आहे, की म्हणायचा हक्क..." असे म्हणून तिने सुरुवात केली, आणि पुढचा शब्द तिला सापडला नाही. आत बटाट्यांचे पाणी उतू जाऊन चुलीवर सांडल्याचा आवाज आला. ती दारातून आत गेली.

बेर्गुर कुंपणाशीच थांबला, मान वर करून, कान देऊन. तारेत कुठली नदी आहे ते ऐकू येईल अशा आशेने.